‘इग्नोमिनी’ म्हणे ‘इग्नोर’वरून!

अनुस्वार:
कालच्या ‘रोज एक इंग्रजी शब्द’मध्ये वाचलं: ‘इग्नोमिनी’ म्हणजे नामुष्की, आणि तो आला ‘इग्नोर’वरून, कारण बदनाम माणसाला लोक इग्नोर करतात. वर अंगठ्यांचा पाऊस. अहो, लॅटिन ‘इग्नोमिनिया’ आहे तो! नकाराचा ‘इन्’ आणि ‘नोमेन’ म्हणजे नाव. रोममध्ये सेन्सॉर नावाचे अधिकारी यादीत नावापुढे ठपका मारायचे, तीच इग्नोमिनिया. रुफिनस नावाचा रोमन दोनदा कॉन्सल, म्हणजे तिथला सर्वोच्च अधिकारी, झालेला, पण घरात दहा पौंड चांदीची भांडी बाळगली म्हणून इ.स.पूर्व 275 मध्ये सिनेटबाहेर.

मिरजेचा:
ती पोस्ट माझीच. ‘इन्’ अधिक ‘नोमेन’, मग मधला ‘ग’ काय रुफिनसच्या आत्याने घातला?

अनुस्वार:
‘कॉग्नोमेन’मध्येही, म्हणजे रोमन माणसाच्या आडनावासारख्या नावाच्या शब्दातही, आहे की. ‘जाणणे’ अर्थाच्या धातूच्या संगतीने शिरला.

मिरजेचा:
आणि ‘इग्नोर’ कुठल्या धातूचा? त्याच ना? म्हणजे पोरगा नसेल, चुलतभाऊ तरी आहे.

अनुस्वार:
शेजारी म्हणा.

जुनी_वही:
आधी आपली ‘नामुष्की’ वाचवा. संघ हरला, नामुष्की. सभेला गर्दी नाही, नामुष्की. उद्या कँटीनमधली भजी संपली तरी तेच छापतील.

लेखणीवाली:
पण ‘नामुष्की’तही ‘नाम’ आहेच! नोमेन आणि नाम, सख्खी भावंडं.

जुनी_वही:
ती भावंडं, मान्य. पण नामुष्की, म्हणजेच नामोशी, आली फारसी ‘नामूस’वरून, म्हणजे अब्रू. तो अरबीतून, आणि अरबीत ग्रीक ‘नोमोस’, म्हणजे कायदा. आपल्या नामाशी काडीचा संबंध नाही.

लेखणीवाली:
चांगला मराठी शब्द दिसला की चढवा फारसीच्या नावावर! माझी आजी शाळेची पायरी न चढलेली. ‘घराण्याला नामोशी आणलीस’ म्हणायची, ती काय फारसी बोलायची?

जुनी_वही:
हो. ‘अब्रू’ही म्हणत असेल. आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा. तीही फारसीच.

लेखणीवाली:
आजीला मध्ये आणू नका.

जुनी_वही:
मी आणली??

कोपऱ्यातला:
रोमन वक्ता सिसेरो म्हणतो, सेन्सॉरच्या ठपक्याने माणसाला शरमेच्या लालीपलीकडे फारसं काही होत नाही. सगळा मामला नावापुरता, म्हणून इग्नोमिनिया.

मिरजेचा:
सिनेटमधून हाकलला आणि म्हणे नुसती लाली!

कोपऱ्यातला:
नुसती? आमच्या सोसायटीच्या फळ्यावर थकबाकीदारांची यादी लागली. पहिलं नाव वडिलांचं, 340 रुपये. भरलेले होते, पावती कपाटात. वडील आठवडाभर लिफ्ट सोडून मागच्या जिन्याने. चूक कळल्यावर सेक्रेटरींनी ओल्या फडक्याने नाव पुसलं, बाकी फळा धुळकट तसाच. तेवढी पट्टी काळीभोर दिसायची, नाव होतं त्याहून ठळक. वडील ती बघायचे आणि जिन्याकडे वळायचे.

लेखणीवाली:
अरेरे. यादी लावली तशी माफी लावली का?

कोपऱ्यातला:
छे. ‘चहाला या’ म्हणाले.

मिरजेचा:
बरं, पोस्ट दुरुस्त करतो. ‘इग्नोर’ काढणार नाही, पुढे ‘लांबचा नातेवाईक’ लिहितो.

अनुस्वार:
फार उपकार झाले, महाराज.

जुनी_वही:
आणि अब्रू फारसीच.

लेखणीवाली:
तुमचीच असेल.