नेमप्लेट नसलेल्या डीपीचा व्हेक्टर ग्रुप कसा काढायचा?

दालमिल_जळगाव:
नमस्कार मंडळी. भंगारातून आणलेला ११ केव्ही / ४३३ व्होल्टचा, १०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर आहे. नेमप्लेट गायब, बुशिंगवरची (वायर जोडायच्या चिनीमातीच्या टोकांवरची) अक्षरंही रंगाखाली गेलीत. चालू ट्रान्सफॉर्मरचा व्हेक्टर ग्रुप, म्हणजे ११ केव्ही (एचव्ही) आणि ४३३ व्होल्ट (एलव्ही) बाजूंच्या कॉइलची जोडणी आणि त्यांच्यातला फेजचा कोन, डीवायएन ११ आहे (डेल्टा–स्टार, न्यूट्रल बाहेर; कोन घड्याळाच्या तासांत, एक तास म्हणजे ३० अंश). त्याच्याशी पॅरलल करायचा आहे. टीटीआर (कॉइलचा रेशो मोजणारा) मीटर नाही. मल्टिमीटर आणि थ्री फेज सप्लायवर जमेल का?

रिवाइंडिंग_भुसावळ:
जमेल. आधी मेगरने इन्शुलेशन तपासून घ्या: एचव्ही–एलव्ही, एचव्ही–टाकी, एलव्ही–टाकी. मग टॅप स्विच (रेशो कमीजास्त करणारा) नॉर्मलवर ठेवा आणि एचव्हीच्या तीन बुशिंगना २ अँपिअरच्या एमसीबीमधून ४१५ व्होल्ट द्या. चुकून एलव्हीला दिलेत तर समोर ११ हजार उभे राहतात, म्हणून वायर जोडण्याआधी उंच बुशिंग कुठली ते पुन्हा एकदा बघा. करंट मिलिअँपिअरमध्येच असतो. एमसीबी पडली तर जोडणी तपासा. ती बरोबर असेल तर कॉइल गेली समजा, पुढची चाचणी करत बसू नका.

एलव्हीच्या चार बुशिंगपैकी जी उरलेल्या तिघांशी सुमारे ९.४ व्होल्ट दाखवते ती न्यूट्रल. उरलेल्या तिघांत आपापसांत १६.३.

आता सप्लाय बंद करून बुशिंगना अंदाजाने चिठ्ठ्या लावा: एचव्हीला १यू, १व्ही, १डब्ल्यू आणि एलव्हीला २यू, २व्ही, २डब्ल्यू. मग १यू आणि २यू जंपरने जोडा. त्याआधी न्यूट्रलची अर्थिंग पट्टी सोडायला विसरू नका. नाहीतर जिवंत फेज एलव्ही कॉइलमधून थेट जमिनीत जाते. पट्टी सोडली तरी एलव्ही बुशिंगला हात नको. आपापसांत १६ व्होल्ट असले तरी जमिनीच्या हिशेबाने तिथे २४० आहेत.

सप्लाय चालू करून चार रीडिंग घ्या:
१व्ही–२व्ही, १व्ही–२डब्ल्यू, १डब्ल्यू–२व्ही, १डब्ल्यू–२डब्ल्यू.

डीवायएन ११ मध्ये १डब्ल्यू–२व्ही ४१५ च्या आसपास, बाकी तीन ४०१. डीवायएन १ असेल तर ४१५ हे १व्ही–२डब्ल्यूवर येतं.

जिनिंग_शिरपूर:
वरच्यात एक भर. सगळा फरक १४ व्होल्टचा आहे, आणि आपल्याकडे शेतीचे पंप सुरू झाले की लाइन तेवढी सहज हलते. मिलची मशिनं बंद असताना करा. प्रत्येक रीडिंगला लागूनच त्या वेळचं १यू–१व्ही किंवा १यू–१डब्ल्यू मोजा: १व्हीची रीडिंग पहिल्याशी ताडायची, १डब्ल्यूची दुसऱ्याशी. नुसता ४१५ धरून बसलात तर फसाल.

दालमिल_जळगाव:
लाइन दोन्हीकडे ४१५ होती. चिठ्ठ्या अंदाजाने लावल्या होत्या. रीडिंग क्रमाने: ४१५, ४२९, ४०१, ४१५. वर दिलेल्या कशातच बसत नाही.

रिवाइंडिंग_भुसावळ:
बसतं, भाऊ. हे घड्याळात ३ वाजलेत. एलव्हीच्या चिठ्ठ्या एक घर सरकल्या की ११ चा ३ किंवा ७ होतो, तिन्ही एकाच घराण्यातले. तुमची आत्ताची २डब्ल्यू ती खरी २यू, २यू ती खरी २व्ही, २व्ही ती खरी २डब्ल्यू. चिठ्ठ्या बदला, जंपर नव्या २यूवर घ्या आणि चारही रीडिंग परत घ्या.

१, ५, ९ हे दुसरं घराणं. तो ट्रान्सफॉर्मर निघाला तरी घाबरायचं कारण नाही, एचव्हीच्या दोन आणि एलव्हीच्या नेमक्या दोन फेज अदलाबदल केल्या की पॅरलल होतो. पण म्हणूनच नुसत्या चिठ्ठ्यांवर भरवसा नको. सप्लायचा फेज क्रम उलटा असला तरी ही चारही रीडिंग तीच येतात, पण पॅरलल करताना तोच क्रम घात करतो.

जिनिंग_शिरपूर:
शेवटची तपासणी जोडताना: दोन्हींचे न्यूट्रल एकत्र, एचव्ही चालू, नव्याचा एलव्ही स्विच उघडा. स्विचच्या दोन्ही टोकांत आर–आर, वाय–वाय, बी–बी मोजा, शून्याजवळ यायला हवं. २५० दिसले तर एक ११ आणि दुसरा १ सारखा जोडला गेलाय, स्विच टाकू नका. रेशो आणि टक्के इम्पिडन्सही (ट्रान्सफॉर्मरचा आतला अडथळा) जुळला पाहिजे, नाहीतर एकच ट्रान्सफॉर्मर जास्त लोड ओढत तापत राहील. आणि ११ केव्हीचं हे काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच, विद्युत निरीक्षकाच्या मंजुरीनंतर.