अँग्झायटीसाठी ऑस्टिओपॅथी: इंग्लंडमधल्या आपल्या विद्यार्थ्यांनी त्यावर पैसे घालावेत का?

मिडलंड्सची_मेधा (धागाकर्ती)

सप्टेंबरात नवी मुलं इकडे आली की नोव्हेंबरपासून आमच्या मराठी ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. झोप लागत नाही, छातीत धडधडतं, मान आखडलीये, कुणाला चांगला ऑस्टिओपॅथ माहीत आहे का? लगेच कुणीतरी पत्ता टाकतं आणि खाली लिहितं, "अँग्झायटीवर एकदम बेस्ट." माझं मत स्पष्ट आहे. मान दुखत असेल तर जरूर जा. अँग्झायटीचा उपचार म्हणून जाऊ नका, आणि दुसऱ्याला तसं सांगू तर अजिबात नका.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी: ऑस्टिओपॅथी म्हणजे स्नायू, सांधे, बरगड्यांभोवतीचा भाग हाताने दाबून, ताणून, हलवून करायचा उपचार. अमेरिकेत अँड्र्यू टेलर स्टिल यांनी तो सुरू केला आणि १८९२ मध्ये मिसुरीतल्या कर्क्सव्हिलला पहिलं कॉलेज काढलं. ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्यामुळे जनरल ऑस्टिओपॅथिक कौन्सिलकडे नोंदणी असल्याशिवाय कुणालाही स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवता येत नाही. म्हणजे शिकलेली, जबाबदार माणसं आहेत. पण नोंदणी माणसाच्या शिक्षणाची असते, त्याने केलेल्या प्रत्येक दाव्याची नसते. हाडं आणि स्नायू सोडून इतर तक्रारींवर याचा उपयोग होतो याला पुरावा तोकडा आहे किंवा नाहीच, असं खुद्द एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, सांगते.

विद्यार्थ्यांवर अभ्यास झालेत, पण ते छोटे आहेत, आणि अनेकदा त्यांत भाग घेणारे ऑस्टिओपॅथी शिकणारेच असतात. त्यात परीक्षेची भानगड. परीक्षेआधी काळजी मोजली आणि परीक्षा उरकल्यावर पुन्हा मोजली, तर काहीही न करता आकडा खाली येणारच. मोजायचं कसं हाही प्रश्न आहे. जीएडी-७ नावाची प्रश्नावली सगळीकडे वापरतात. सात प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २१. १० किंवा त्याहून जास्त झाले की नीट तपासणी करावी असं मानतात. त्या सातांतला एक प्रश्न निवांत होता न येण्याचा, एक अस्वस्थपणे चुळबुळ करण्याचा. चांगल्या हाताने मान-पाठ मोकळी केली तर हे दोन गुण उतरतील, नाकारत नाही. "काहीतरी भयंकर होणार" ही भीती आणि न थांबणारा विचार मात्र जागच्या जागी राहतो. आकडा सुधारला म्हणून मूल सुधारलं असं होत नाही.

लेस्टरचा_मयूर

मेधाताई, तो "बेस्ट" लिहिणाऱ्यांतला मी एक, त्यामुळे बोलणं भाग आहे.

पहिल्या सेमिस्टरला माझा जबडा दिवसभर आवळलेला असायचा. कळायचं नाही, रात्री दात दुखायला लागले की लक्षात यायचं. त्या बाई उशाशी बसल्या, दोन्ही हातांची बोटं कवटीच्या खाली, जिथे मान सुरू होते तिथे ठेवली, आणि काही केलंच नाही. नुसती वाट पाहिली. थोड्या वेळाने माझं डोकं आपोआप त्यांच्या हातात जड झालं. तोवर मी ते स्वतःच उचलून धरलं होतं हे मला माहीतच नव्हतं! त्या रात्री झोप लागली.

तुम्ही म्हणता दोनच गुण उतरतात. ताई, ते दोन गुण ज्याचे ३ वर अडकलेत त्याला विचारा. खुर्चीत दहा मिनिटं बसवत नसेल तर समुपदेशकासमोर तासभर बसून, तेही इंग्रजीत, "मला आतून काय वाटतं" हे कसं सांगायचं? माझ्यासाठी आधी शरीर शांत होणं गरजेचं होतं. बोलणं नंतर जमलं.

सातारची_फिजिओ

मयूर, तुला बरं वाटलं यावर माझा पूर्ण विश्वास आहे. शरीराच्या वाटेने मनाकडे जाता येतं हेही खरं. पण त्यासाठी दर वेळी दुसऱ्याचे हात का लागावेत?

एडमंड जेकबसन यांनी गेल्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत स्नायू मुद्दाम आवळायचे आणि मग सोडायचे, अशी शिथिलीकरणाची पद्धत बसवली. आम्हाला ती फिजिओथेरपीच्या अभ्यासक्रमात शिकवली गेली. हाताची मूठ आवळ, थांब, सोड, सोडल्यावर काय वाटतं ते बघ. मग दंड, खांदे, कपाळ, जबडा. तिच्यावरच आधारलेलं उपयोजित शिथिलीकरण कुठले उपचार द्यावेत हे सुचवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत, सतत काळजी करण्याच्या आजारासाठी, सीबीटीच्या (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचाराच्या) बरोबरीने सुचवलंय. म्हणजे शरीराकडून जाणारा, पुरावा असलेला रस्ता आहेच. फरक एवढाच की तो तुझ्या हातात राहतो. रात्री दोन वाजता पोटात गोळा आला तर ऑस्टिओपॅथ येणार नाही, मूठ आवळून सोडणं मात्र जमेल.

आणि एक कळकळीची विनंती, भारतातल्या मुलांनाही. मानेला झटका देऊन "कट" आवाज काढणारे व्हिडिओ बघून कुणाकडेही जाऊ नका. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होणं दुर्मिळ आहे, पण होते, आणि त्यातून पक्षाघात होऊ शकतो. काळजीवर उपाय म्हणून हा धोका पत्करायचं काहीच कारण नाही. समोरच्याने नेमकं काय शिक्षण घेतलंय ते विचारा, आणि "झटका नको" असं आधीच सांगा.

लेस्टरचा_मयूर

झटका मलाही नकोच होता, आणि त्यांनी दिलाही नाही. शिथिलीकरण मात्र करून पाहिलंय, मोबाइलवर ऐकत. एकट्याने खोलीत डोळे मिटले की विचार दुप्पट यायचे. परदेशात महिनोन्‌महिने कुणी पाठीवर साधा हात ठेवत नाही. घरी आई जाता-येता डोक्यावरून हात फिरवते, त्याची किंमत इथे आल्यावर कळते. मला तिथे जे मिळालं त्यात याचा वाटा मोठा होता.

मिडलंड्सची_मेधा

मयूर, तू माझाच मुद्दा मांडलास. बरं वाटलं त्याचं श्रेय ऑस्टिओपॅथीच्या तंत्राला नाही. मग त्याला स्पर्श म्हण, कुणीतरी निवांत वेळ दिला म्हण. फ्रान्समध्ये कंबरदुखीच्या ४०० रुग्णांवर झालेला प्रयोग २०२१ मध्ये छापून आला. निम्म्यांना खरी ऑस्टिओपॅथी, निम्म्यांना नुसता हलका स्पर्श. खऱ्या उपचाराने त्रास थोडा जास्त उतरला, पण तो फरक इतका लहान की रोजच्या जगण्यात जाणवेल असं संशोधकांना म्हणता आलं नाही. आणि कंबरदुखी तर ऑस्टिओपॅथीचं घरचं मैदान.

नाशिकची_समुपदेशक

कॉलेजच्या मुलांबरोबर काम करते, म्हणून मला वेगळीच भीती वाटते. काळजीने ग्रासलेलं मूल शरीराकडे डोळ्यांत तेल घालून बघत असतं. त्याला कुणी सांगितलं, "तुझा मणका जागेवर नाही, डायफ्रॅम (श्वासाचा पडदा) घट्ट झालाय, म्हणून जीव घाबरतो," की त्याला नवीन काळजी मिळते. मग ते दर आठवड्याला मणका तपासून घ्यायला जातं. तपासलं की दोन दिवस हायसं वाटतं, तिसऱ्या दिवशी शंका परत हजर. या चक्राने अँग्झायटी पोसली जाते. सीबीटीत आम्ही नेमकं हेच चक्र हळूहळू तोडायला शिकवतो, आणि ते सुखाचं नसतं.

सगळेच ऑस्टिओपॅथ असं बोलतात असं नाही. मयूरच्या बाईंनी काही न सांगता नुसते हात ठेवले, ते मला आवडलं.

अजून एक: धडधड, हात थरथरणं, वजन उतरणं असेल तर आधी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. मुलींमध्ये रक्त कमी असल्यामुळे होणारी धडधड "टेन्शन" म्हणून सोडून दिलेली मी पाहिलीये.

न्यूजर्सी_कर

अमेरिकेतल्यांसाठी छोटी भर. इथे डीओ, म्हणजे ऑस्टिओपॅथीची पदवी घेतलेला, हा पूर्ण वैद्यकीय डॉक्टर असतो, औषधं लिहून देतो, शस्त्रक्रियाही करतो. ब्रिटनचा ऑस्टिओपॅथ तसा नाही. इथल्या डीओंचा अनुभव तिकडे लावू नका.

मिडलंड्सची_मेधा

आता पैशांचं. खासगीत एका सेशनला पन्नास पौंड सहज जातात. व्हिसावर कॉलेज चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं, त्यातून हे काढायचे. उलट व्हिसा काढतानाच वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार भरलेला असतो. इंग्लंडमध्ये जीपीकडे, म्हणजे भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवलं की एनएचएस टॉकिंग थेरपीज या बोलून करायच्या मानसोपचारांच्या सेवेसाठी स्वतःच अर्ज करता येतो, चिठ्ठी लागत नाही, वेगळे पैसे नाहीत. अर्ध्याअधिक मुलांना हे ठाऊकच नसतं. दुभाषाही मागता येतो.

लेस्टरचा_मयूर

आणि वाट पाहायची त्याचं काय? सहा आठवड्यांत ७५ टक्के लोकांचे उपचार सुरू व्हावेत हे त्यांचं उद्दिष्ट, पण पहिली भेट झाली की दुसरीपर्यंत पुन्हा रांग. एवढ्यात सेमिस्टर संपतं. त्या काळात कुणाला चार रात्री झोप मिळत असेल तर मी पत्ता देणारच. "अँग्झायटीवर" हा शब्द काढीन, हे मान्य. "मान आणि झोप" असं लिहीन. टॉकिंग थेरपीजचा अर्ज आधी भरा हेही त्याच मेसेजमध्ये टाकीन.

मिडलंड्सची_मेधा

झोपेचा दावासुद्धा मला पटत नाही. पण अर्ज आधी, ही अट घातलीस तर त्या मेसेजला मी विरोध करणार नाही.

सांगलीचे_बाबा

मुलगा शेफिल्डला आहे. फोनवर म्हणतो पाठ दुखते, ऑस्टिओपॅथकडे जातोय. हा धागा वाचून धास्तावलोय. नुसती पाठच दुखत असेल की अजून काही? कसं ओळखायचं?

नाशिकची_समुपदेशक

काका, पाठ खरंच दुखत असेल, लॅपटॉपवर तासन्‌तास बसतात मुलं. तुम्ही झोप, जेवण आणि लेक्चर या तीन गोष्टी विचारा, आणि "अभ्यास कसा चाललाय" हा प्रश्न काही दिवस बाजूला ठेवा. लेक्चर बुडत असतील, जेवण सुटत असेल किंवा "कशातच अर्थ नाही" असं बोलला, तर जीपीची भेट घ्यायला लावा. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर थांबायचं नाही. त्याने तिथून १११ ही एनएचएसची हेल्पलाइन लावून मानसिक आरोग्याचा पर्याय निवडायचा, जीव धोक्यात असेल तर थेट ९९९. तुम्हाला स्वतःला बोलायचं असेल तर टेली मानस ही भारत सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, मराठीतही बोलता येतं.