मदत हवी आहे: ह्युआर प्रोटीन आरएनएला धरतच नाही, शुक्रवारी जेल दाखवायचंय

दोन_नंबर_बेंच
प्रोटीन ई. कोलायमध्ये काढलं, निकेल कॉलमवरून घेतलं. कूमासी रंगाला ३६ किलोडाल्टनच्या जरा वर एकच जाड बँड. पण शिफ्ट (प्रोटीनने धरलं की आरएनएचा बँड जेलमध्ये वर अडकतो, ती) काही येईना. तीनदा नेटिव्ह जेल लावलं, तिन्ही वेळा प्रोब (खूण लावलेला छोटा आरएनए) आपला खालीच. प्रोटीन दहापट वाढवलं तरी ढिम्म. मेलं का ते? शुक्रवारी सरांना दाखवायचंय, पटकन सांगा.

कडक_भाकरी
मीठ किती? प्रोब कुठला? प्रोटीन ठेवलं होतं कुठं? डॉक्टरकडं जाऊन नुसतं 'दुखतंय' म्हणल्यासारखं झालं हे.

दोन_नंबर_बेंच
प्रोब नेहमीचाच की ओ, एयूयूयूएवाला. आरएनएच आहे. प्रोटीन उणे २० ला.

अळणी_बफर
उणे २०! तिथंच चुकलं. ग्लिसरॉल होतं का? मागच्या मे महिन्यात आमच्याकडं दुपारभर लाइट नव्हती. फ्रीझर उघडला तर ट्यूबा पाण्यात तरंगत होत्या. छोटे एलिक्वॉट करा, उणे ८० ला टाका, एक ट्यूब एकदाच वितळवा. आणि जेल बर्फात चालवा. ४२ डिग्रीत टेबलावर चालवलं तर बांधलेलंही सुटेल.

दोन_नंबर_बेंच
ग्लिसरॉल ५० टक्के आहे. गोठलेलंच नाही कधी. जेलखाली बर्फाची लादी फोडून घातली होती.

जुना_जाणता
ह्युआरमधलं 'ह्यु' म्हणजे ह्युमन असं सगळे समजतात. तसं नाही. ज्या रुग्णाच्या रक्तात या कुळातल्या प्रोटीनविरुद्धची अँटिबॉडी पहिल्यांदा सापडली, त्याच्या नावाची ती सुरुवातीची अक्षरं. जीन क्लोन झाला १९९६ साली. फळमाशीतल्या एलाव्ह प्रोटीनचा हा भाऊबंद.

कडक_भाकरी
छान. शिफ्ट येईल आता.

केगावकर
नॅनोड्रॉपला २६०/२८० (दोन तरंगलांबींना शोषलेल्या प्रकाशाचं गुणोत्तर) किती आलं?

दोन_नंबर_बेंच
१.५. चांगलंय ना? डीएनएला १.८ लागतं, म्हणजे जवळच आहे.

केगावकर
अहो, ते डीएनएला! निव्वळ प्रोटीनचं ०.६ च्या आसपास येतं. १.५ म्हणजे तुमच्या ट्यूबमध्ये बॅक्टेरियाचा आरएनए ठासून भरलाय. ह्युआरला तीन आरआरएम (आरएनए ओळखणारे भाग) आहेत, त्यांचं कामच आरएनए धरायचं. पेशी फोडल्याबरोबर समोर दिसला तो धरला. तुमचा प्रोब येईपर्यंत जागा भरलेली, एसटीत खिडकीतून रुमाल टाकून ठेवावा तशी. कूमासी फक्त प्रोटीन रंगवतं, म्हणून जेल स्वच्छ दिसलं. थोडं प्रोटीन एसडीएसमध्ये उकळून ॲगरोजवर टाका, इथिडियम लावून बघा.

सायकल_स्टँड
आरएनेज ए (आरएनए कापणारं एन्झाइम) टाका लायसिसमध्ये, म्हणजे पेशी फोडतानाच. अर्धा तास. विषय संपला.

केगावकर
विषय नाही, प्रोब संपेल! आरएनेज ए उकळूनसुद्धा मरत नाही. चिमूटभर मागं राहिलं की शिफ्ट सोडा, प्रोबच दिसणार नाही.

सायकल_स्टँड
आम्ही कायम टाकतो. नंतर कॉलम नीट धुवायचा. काही होत नाही.

केगावकर
तुम्ही क्रिस्टल करता, यांना आरएनएशी खेळायचंय. फरक आहे.

अळणी_बफर
त्यापेक्षा तयार विकत घ्या. पण ड्राय आइसमध्ये येईल याची खात्री करा. आमचं पार्सल शनिवारी आलं, सोमवारी उघडलं, आत नुसता कोमट थर्माकोल.

पीएचडी_इच्छुक
इथं लाइफ सायन्सवाले दिसतायत. पेटचा फॉर्म कधी निघणार?

दोन_नंबर_बेंच
ॲगरोज केलं. जेलमधल्या खाचेखालून पार तळापर्यंत लखलखाट. आता काय करू? पेलेट (पेशींचा गोळा) एकच उरलंय.

केगावकर
मीठ. लायसिसलाच १ मोलर सोडियम क्लोराइड घाला, त्यातच निकेल कॉलम दहा-बारा व्हॉल्यूम धुवा. घाई करू नका. मग डायलिसिस करून मीठ १०० मिलिमोलरवर आणा आणि हेपॅरिन कॉलम लावा. प्रोटीन चिकटतं, सुटा आरएनए वाहून जातो. मीठ हळूहळू वाढवत उतरवून घ्या.

कडक_भाकरी
डायलिसिसला पाणी लागतं हो लिटरभर. आमच्याकडं नळाला पाच दिवसांनी येतं, डिस्टिलेशन त्या दिवशीच. बादल्या भरून ठेवा आधी.

दोन_नंबर_बेंच
(गुरुवार रात्र) २६०/२८० आता ०.६८ आलं! चौथ्या लेनपासून वर बँड दिसतोय, अंधुक आहे पण आहे. केगावकर, लई उपकार. फक्त कोल्ड कॉम्पिटिटर (खूण न लावलेला तोच आरएनए, प्रोबची जागा घेणारा) टाकला तरी बँड जाईना. का?

कडक_भाकरी
किती टाकला?