नॉर्वे रोडट्रिप: बर्गेन ते गैरांगर, वाटेत काय चुकवू नये?

घाटवेडा: जूनच्या शेवटी बर्गेनहून गाडी घेऊन फ्लोमवरून गैरांगरला जायचंय, सोबत आईबाबा आहेत त्यामुळे मोठे ट्रेक नकोत. वाटेत काय बघावं? आणि तो २४.५ किमीचा लार्डाल बोगदा कंटाळवाणा आहे का हो?

फिरस्ती: कंटाळवाणा नाही, मध्ये तीन ठिकाणी निळ्या उजेडाच्या गुहा केल्यात, ड्रायव्हरला झोप येऊ नये म्हणून. पण हवा चांगली असेल तर बोगदा सोडा आणि वरच्या जुन्या रस्त्याने जा, तिथेच स्टेगास्टाइन हा व्ह्यूपॉइंट आहे, फ्योर्डच्या (डोंगरांमध्ये शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीच्या) ६५० मीटर वर, आईबाबांना चालायलाही लागत नाही. रस्ता अरुंद आहे, समोरून बस आली की रिव्हर्स घ्यायची तयारी ठेवा. तो हिवाळ्यात बंद असतो, जूनअखेर सहसा चालू मिळतो, तरी आदल्या दिवशी चेक कराच.

कोकणीमाणूस: बोर्गुंडचं लाकडी चर्च बघाच!! ११८०-१२०० च्या सुमाराचं, छपरावर ड्रॅगनची तोंडं, भिंतीवर कोरलेली रुनिक (तिकडच्या जुन्या लिपीतली) अक्षरं. लाकडाला डांबर फासलेलं असतं, उन्हात त्याचा वास येतो, आपल्या होडीला लावतात ना अगदी तसा. आत अंधार असतो, फोटो बाहेरूनच भारी येतात.

घाटवेडा: मस्त, बोर्गुंड पक्कं. टोलचं काय करायचं?

फिरस्ती: नाक्यावर थांबायचं नसतं, कॅमेरा नंबर टिपतो आणि बिल भाड्याच्या गाडीवर येतं. हेडलाइट मात्र भर दुपारीही चालू हवेत, तिकडे नियमच आहे.