मदत हवी आहे: 'बेट्सी' खटला आणि १७७८चा तह

नमस्कार मंडळी, एलएलएमच्या (कायद्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या) सादरीकरणासाठी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातला १७९४चा 'बेट्सी' खटला घेतलाय आणि एका जागी अडकलेय.

१७९३ मध्ये, फ्रान्स युद्धात असताना, फ्रेंच दूत जने अमेरिकेत चार्ल्सटनला उतरला आणि खासगी जहाजांना फ्रान्सच्या शत्रूंची जहाजं पकडण्याचे परवाने वाटत सुटला. (सरकारी शिक्क्याची चाचेगिरीच, पण असो.) त्याच्याच नावाच्या 'सिटिझन जने' जहाजाने 'बेट्सी' धरून बाल्टिमोरला आणली. जहाज स्वीडिश मालकीचं, माल स्वीडिश आणि अमेरिकन लोकांचा. म्हणजे सगळे या युद्धात तटस्थ! हा दावा आपल्या अधिकारात नाही म्हणत मेरिलँडच्या जिल्हा न्यायालयाने हात वर केले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र ठणकावलं की हा दावा जिल्हा न्यायालयाने ऐकायचा, आणि फ्रेंच कॉन्सुलांना (परदेशातल्या शहरांत नेमलेल्या सरकारी प्रतिनिधींना) अमेरिकेच्या भूमीवर प्राइज कोर्ट, म्हणजे पकडलेलं जहाज कायदेशीर लूट आहे का हे ठरवणारं न्यायालय, चालवता येणार नाही.

माझा घोळ पुढे आहे. फ्रान्स आणि अमेरिका यांच्यातल्या १७७८च्या तहाच्या १७व्या कलमानुसार फ्रेंचांनी शत्रूकडून पकडून आणलेल्या जहाजांच्या वैधतेची चौकशी अमेरिकी अधिकाऱ्यांनी करायची नव्हती. मग कोर्टाने हे कलम ओलांडलं कसं? 'शत्रूकडून' या शब्दावर बोट ठेवून? निकाल इतका त्रोटक आहे की कारणमीमांसा सापडतच नाही. दोन्ही बाजूंच्या वकिलांचे युक्तिवाद कुणी नीट वाचलेत का? थोडं उलगडून सांगाल का? गुरुवारी सादरीकरण आहे.