मदत हवी आहे: भात पिवळं पडतंय, नेमकं काय मारू?

शनिवारचा_शेतकरी:
भाताची पानं पिवळी पडतायत, शेंडे वाळून पांढरे झालेत. आठवडा झाला. दुकानदाराने आधी युरिया दिला, मग बुरशीनाशक. काडीचा फरक नाही. मी ठाण्यात राहतो, शेतावर शनिवार-रविवारीच जाणं होतं. औषधाचं नाव आणि प्रमाण सांगा, लांबण नको.

चूड_मोजणारा:
जात? लावणी कधीची? युरिया किती टाकलात? आधी खालची पानं पिवळी झाली की वरची? सगळं शेत सारखं आहे की चट्टे पडलेत? भात दहा कारणांनी पिवळं पडतं, नुसत्या 'पिवळं'वर कोण काय सांगणार?

शनिवारचा_शेतकरी:
कर्जत ३. लावणीला ४० दिवस झाले. २० गुंठे, भिवंडी तालुका. युरिया एक गोणी. चट्टे आहेत. पाणी भरपूर आहे. आता सांगा.

चूड_मोजणारा:
२० गुंठ्यांना अख्खी गोणी एका दमात? हेक्टरी १०० किलो नत्र धरलं तर तुमच्या शेताला सगळ्या हंगामात लागतं २० किलो. ४५ किलोच्या गोणीत तेवढं असतंच. ते लावणीला, फुटव्यांच्या वेळी आणि पोटरीच्या (लोंबी पोटात असते तेव्हाच्या) आधी असं तीनदा विभागून द्यायचं असतं. आता युरियाला हात लावू नका.

बुंध्यात_बघा:
युरिया जास्त आणि वर चट्टे, म्हणजे तपकिरी तुडतुडे, पैज लावतो. पाणी काढून शेत तीन-चार दिवस कोरडं ठेवा. पायमेट्रोझिन ५० टक्के, १० लिटरला ६ ग्रॅम, नोझल खाली धरून बुंध्यावर मारा. पानांवर मारलेलं वाया जातं. आणि सिंथेटिक पायरेथ्रॉइड चुकूनही मारू नका, मित्रकीटक मरतात आणि तुडतुडे दुप्पट होतात.

चूड_मोजणारा:
न बघताच फवारणी? चूड (एका जागी लावलेल्या रोपांचा झुपका) दोन्ही हातांनी फाकवा, पाण्याच्या वर चार बोटं बघा. चुडाला ५ ते १० तुडतुडे दिसले तर पुढचं बोला. शिवाय तुडतुड्यांनी जळलेलं भात करपून तपकिरी होतं. हे शेंडे पांढरे म्हणतायत.

जस्तवाला:
मला खैरा वाटतो, म्हणजे जस्त कमी पडल्याचा रोग. १० लिटरला ५० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५ ग्रॅम विरलेला चुना. चुना वेगळा भिजवून, गाळून मगच मिसळा, नाहीतर नोझल तुंबतो.

चूड_मोजणारा:
खैऱ्यात पानाच्या मधल्या भागावर गंजासारखे तपकिरी ठिपके येतात, तेही लावणीनंतर दोन-चार आठवड्यांत. ठिपके आहेत का, हे कुणी विचारलंय का?

कोलमप्रेमी:
कर्जत ३ कशाला लावता ठाण्याच्या माणसांनी? वाडा कोलमला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय. भाव बघा, चव बघा.

ब्रिकेट_बहाद्दर:
चारसूत्री (भातलावणीची सुधारित पद्धत) केली असती तर ही वेळच आली नसती. चार चुडांच्या मध्ये २.७ ग्रॅमची एक युरिया-डीएपी गोळी, ७ ते १० सेंटिमीटर खोल. गुंठ्याला सव्वासहाशे गोळ्या, म्हणजे पावणेदोन किलोच्या आत काम. नत्र पाण्यात उतरत नाही.

चूड_मोजणारा:
लावणीला ४० दिवस झालेत हो. त्या गोळ्या आता कुठे खोचायच्या, डोक्यात?

सातबारा_साहेब:
ई-पीक पाहणी (मोबाइलवरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद) केलीत का? नंतर पंचनाम्याला अडेल.

खाजणातला:
दोनच प्रश्न. चट्टे शेताच्या कुठल्या बाजूला आहेत? आणि उघडीप पडल्यावर बांधाच्या कडेला पांढरी पापडी दिसते का?

शनिवारचा_शेतकरी:
चट्टे खाडीकडच्या बाजूला जास्त. हो, पांढरं दिसतंय, मला वाटलं युरिया सांडला असेल. गटारीच्या उधाणात खारबांधाला (खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधाला) खांड पडली होती, दोन भरत्यांचं पाणी आत आलं. पण ते ओसरलं, म्हणून लिहिलं नाही. शेत खारबावच्या पुढे आहे.

खाजणातला:
गावाच्या नावातच खार आहे आणि ही गोष्ट तुम्ही सगळ्यात शेवटी सांगताय! हा रोग नाही, कीड नाही, खारं पाणी आहे. पाणी ओसरतं, मीठ मातीत राहतं. वरून उघडीप पडली की ते वर चढतं. शेंड्याकडून पांढरं वाळणं, एका बाजूचे चट्टे, खुरटलेले फुटवे, सगळं जुळतंय.

आता शेत कोरडं मुळीच करू नका. तुडतुड्यांचा सल्ला मानून पाणी काढलंत तर उरलेलं भातही जाईल.

बुंध्यात_बघा:
खाडीचं आधी सांगितलं असतं तर मी तसं लिहिलंच नसतं.

जिप्समराव:
एकरी दोन टन जिप्सम टाका, खार तुटतो.

खाजणातला:
जिप्सम चोपण जमिनीला लागतं, जिथे सामू (पीएच) ८.५ च्या वर असतो आणि मातीला सोडियम चिकटलेलं असतं. इथे नुसतं विरघळलेलं मीठ आहे, ते गोड्या पाण्यानेच धुऊन जातं. शिवाय जिप्सम हाही क्षारच आहे. उभ्या पिकात टाकून काय मिळवणार?

आधी मोजा. घरचं आरओ तपासायचा टीडीएस मीटर चालेल. त्यातला आकडा दोनने गुणून हजाराने भागा, म्हणजे साधारण डेसिसायमन्स (खारटपणाचं माप) येतात. शेतातलं पाणी २ पर्यंत असेल तर भात निभावतं. ५ च्या आसपास टिकून राहिलं तर अर्धं पीक गेलं समजा.

शनिवारचा_शेतकरी:
आज मुद्दाम सुट्टी काढून गेलो. खाडीकडे २४५०, रस्त्याकडे ९००. चूडही फाकवून बघितले, तुडतुडे नाहीत, ठिपके नाहीत.

खाजणातला:
म्हणजे ४.९ आणि १.८. रस्त्याकडचं वाचलंय. मधे मातीचा आडवा बांध घाला, दोन्ही पाणी मिसळू देऊ नका.

खाडीकडच्या भागात पावसाचं पाणी ८ ते १० सेंटिमीटर साठवा, एक दिवस-रात्र राहू द्या. मीठ त्यात उतरलं की ओहोटीत मोरीतून सोडून द्या. पाऊस सुरू असताना किंवा येणार हे दिसत असतानाच सोडा, रिकामं शेत उन्हात पडता कामा नये. असं दोन-तीनदा करा, दर वेळी मीटर लावा. पाऊस नसेल तर आहे ते पाणी धरून ठेवा. कर्जत ३ ची पोटरी आता दहा-पंधरा दिवसांवर आहे. फुटव्यांच्या वेळी भात मीठ सोसतं, फुलोऱ्यात सोसत नाही, लोंब्या पोचट राहतात. त्याआधी आकडा २ च्या खाली आणा. खत नंतर, नवीन हिरवं पान फुटलं की.

आणि खांड बुजवलीत का? आज दशमी, नारळी पौर्णिमेला पुन्हा उधाण आहे.

शनिवारचा_शेतकरी:
अर्धी. चुलते म्हणाले, सगळे मिळून करू.

खाजणातला:
नुसती माती टाकू नका, वाहून जाईल. दोन्ही अंगांना मेढी ठोका, मधे पेंढा आणि चिखलाचे थर तुडवत भरा, जुन्या बांधापेक्षा हातभर उंच. उघाडीची (बांधातल्या मोरीच्या दाराची) झडपही बघा, फटीत काटकी अडकली तरी भरती आत येते.

पुढच्या वर्षी पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राच्या पनवेल १, २, ३ पैकी एखादी जात घ्या. रोप चांगलं जून करून लावा, चुडात चार-पाच काड्या.

कोलमप्रेमी:
पनवेल ३ खायला कसा लागतो?

शनिवारचा_शेतकरी:
उद्या ओहोटी किती वाजता?

खाजणातला:
तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची वेळ. उद्या एकादशी, म्हणजे सव्वाआठ. सहा तासांनी ओहोटी, सव्वादोन-अडीच. हे किनाऱ्याचं गणित झालं, तुमच्या आतल्या खाडीला अजून उशीर होतो. घड्याळ बघू नका, मोरीपाशी उभं राहून खाडीचं पाणी शेताच्या पाण्याखाली गेलं की उघडा, आणि ते परत वर चढायच्या आत बंद करा.