लहान नावेतून झिंग्यांचे सापळे आणि नांगर वर घेण्याची योग्य रीत कोणती?

प्रश्न : वैनगंगाकाठ (तालुका पवनी, जिल्हा भंडारा)

सर्वांना नमस्कार. गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्याच्या काठी आमचे गाव आहे. शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी हौसेखातर एक जुनी फायबरची नाव घेतली. ती चौदा फूट लांब असून मागे ५ अश्वशक्तीचे इंजिन आहे. येथील मासेमारीचा ठेका ज्या सहकारी संस्थेकडे आहे, तिच्या परवानगीने मी घरच्यापुरते सहा सापळे लावतो. झिंगे रात्री चरायला निघतात, म्हणून संध्याकाळी कोंड्याचे गोळे घालून सापळे सोडायचे आणि पहाटे उचलायचे, असा माझा क्रम आहे.

माझ्या अडचणी दोन आहेत. पहिली कंबरेची. दहा मीटर खोलीवरून एकेक सापळा कठड्यावर ओणवे होऊन ओढावा लागतो, आणि सहाव्या सापळ्यापर्यंत मी इतका थकलेला असतो की सगळा भार कठड्यावर टाकतो व नाव त्या बाजूला पाणी लागेपर्यंत कलते. दुसरी अडचण नांगराची. (आमच्याकडे नांगर म्हटले की बांधीतलाच आठवतो, पण मी नावेच्या नांगराविषयी लिहीत आहे.) फुगवट्याखाली गेलेली झाडे अजून तळाशी उभी आहेत आणि त्यांच्या बुंध्यांत तो अडकतो. मागच्या महिन्यात असाच अडकला, तेव्हा मी दोर मागच्या बाजूला इंजिनाजवळ बांधला आणि इंजिनाच्या जोराने ओढू लागलो. क्षणात मागची कड पाण्याखाली गेली आणि घमेलेभर पाणी आत आले. इंजिन बंद करून दोर कापला म्हणून निभावले. नांगर मात्र तळाशीच राहिला.

बॅटरीवर चालणारे दोर ओढण्याचे यंत्र घ्यावे, की साधी कप्पी पुरेल? अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : डोंगेकरी

गुरुजी, यंत्राचा विचार नंतर करू. तुम्ही मागच्या बाजूने ओढलेत, ते पुन्हा कधीही करू नका. इंजिनाचे वजन मागे, पेट्रोलची टाकी मागे, चालवणारा माणूसही मागे; म्हणजे नाव मुळातच मागच्या अंगाला बसलेली असते आणि तिची सर्वांत ठेंगणी कड तीच. अशा वेळी अडकलेला दोर नावेला पुढे जाऊ देत नाही, फक्त खाली खेचतो. एकदा पाणी आत आले की त्याचे वजन पुन्हा मागेच साचते. नांगर सोडणे, बांधणे आणि काढणे, तिन्ही कामे नावेच्या पुढच्या टोकावरूनच झाली पाहिजेत, कारण तेथे नाव उंच आणि निमुळती असते.

आमच्या घरी तीन पिढ्या डोंगा आहे. चिखलात रुतलेला नांगर हाताच्या जोराने उपसण्याची रीत आमच्याकडे नाही. ते काम डोंग्याकडून करून घेतात. दोर ओढत ओढत बरोबर नांगराच्या माथ्यावर यायचे, दोघांनीही पुढे सरकून टोक दाबायचे, दोर ताणून खुंटीला पक्का बांधायचा आणि मग दोघांनी हळूहळू मागे सरकायचे. पुढचे टोक सब्बलीसारखे उचलले जाते. लगेच सुटला नाही, तर तसेच बसून राहावे. काळी गाळमाती मिनिटभरात ढिली पडते आणि नांगर सुटल्याचा हलका झटका बुडाखाली जाणवतो. हे फक्त चिखलासाठी आहे, बुंध्यासाठी नाही. आणि मागे सरकताना मागच्या कडेकडे लक्ष ठेवा. पाणी चार बोटांवर आले की थांबा.

आणखी एक गोष्ट. दोर पंजाला गुंडाळून ओढण्याची सवय पुष्कळांना असते, ती मोडावी. वाऱ्याने नाव अचानक मागे गेली तर दोर हात सोडत नाही. धारदार विळा पुढच्या टोकाजवळ, हाताला लागेल अशा जागी खोचलेला असावा.

उत्तर २ : सिएटलमधला वाशीमकर

मी मूळचा वाशीम जिल्ह्यातला, सध्या अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात नोकरीला आहे. येथील प्युजेट साउंड या खाडीत हौशी लोक लहान नावांतून झिंग्यांचे सापळे टाकतात, परंतु खोली ६० ते १०० मीटर असते. इतका दोर हाताने ओढणे जिवावर येते, म्हणून बहुतेकांकडे १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे यंत्र असते. तुमच्या दहा मीटरसाठी, म्हणजे फार तर वीसेक ओढींसाठी, मी तो खर्च करणार नाही. कठड्याच्या वर छातीच्या उंचीला लोखंडी हात काढून त्याला एक कप्पी लावावी. एकच स्थिर कप्पी वजन कमी करत नाही हे तुम्ही वर्गात शिकवले असेलच. पण ती ओढण्याची दिशा बदलते, त्यामुळे ताठ बसून अंगाच्या भाराने ओढता येते. मात्र भार त्याच कठड्यावर येतो, म्हणून दुसऱ्या माणसाने समोरच्या कठड्यापाशी बसावे.

सापळा हळू ओढावा. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे दुप्पट वेगाने ओढले तर विरोध चौपट होतो. दोर सापळ्याला अशा ठिकाणी बांधा की वर येताना त्याची अरुंद बाजू वर राहील. सपाट बाजू वर असली की बारीक जाळी छत्रीसारखी पाणी अडवते.

येथील दोन नियम तुमच्याकडेही पाळण्यासारखे आहेत. सापळ्याचा दोर पृष्ठभागावर तरंगता कामा नये, त्याला वजन लावून बुडता ठेवावा लागतो. नाहीतर तो कोणाच्या तरी इंजिनाच्या पंख्यात गुंततो. दुसरा नियम सुती दोऱ्याचा. सापळ्याचा एक भाग कुजणाऱ्या सुती दोऱ्यानेच बंद करावा लागतो, जेणेकरून सापळा हरवला तर काही काळाने दोरा कुजून वाट मोकळी होते. नायलॉनचा हरवलेला सापळा वर्षानुवर्षे झिंगे मारत राहतो आणि त्यांचा कोणालाच उपयोग होत नाही.

नांगरासाठी येथे एक युक्ती सर्रास वापरतात : दोरावर सरकणारी कडी आणि तिला मोठा तरंगता फुगा. इंजिनाने बाजूने पुढे गेले की फुगा नांगराच्या माथ्यावर येतो, दोर कडीतून ओढला जातो आणि नांगर आपोआप वर येऊन फुग्याला लटकतो. तुम्हाला वीस लिटरचा रिकामा कॅन पुरेल.

उत्तर ३ : ब्रह्मपुरीचा वेल्डर

वाशीमकर दादांच्या कडीच्या युक्तीबद्दल मला नम्रपणे असहमती नोंदवायची आहे. स्वच्छ तळावर ती उत्तम आहे. पण गुरुजींच्या पाण्यात बुंधे आहेत. नांगर बुंध्यात अडकलेला असताना इंजिनाने पुढे जाणे म्हणजे मागच्या महिन्याचाच प्रकार वेगळ्या कोनातून करणे होय. शिवाय कन्हान नदीच्या बाजूने इकॉर्निया (जलपर्णी) वाहून येते, तेव्हा मोकळा दोर मागे टाकून इंजिन चालवूच नये.

बुंध्यांसाठी वेगळा नांगर करून घ्यावा. ८ मिलिमीटरच्या सळईचे चार आकडे एका पोकळ नळीतून काढून वेल्ड करावेत. साध्या वाऱ्यात चौदा फुटी नाव तो धरून ठेवतो आणि अडकला तर जोराने ओढल्यावर सळई सरळ होऊन निसटते; घरी आल्यावर पाइप घालून पुन्हा वाकवता येते. जाड सळई वापरण्याचा मोह टाळावा, कारण ती वाकतच नाही. मी पहिला नांगर १२ मिलिमीटरचा केला होता आणि तो आजही तलावाच्या तळाशी आहे.

बाजारातला नांगर वापरायचा असेल, तर दोर त्याच्या वरच्या कडीला न बांधता बुडाशी, फाळ जेथे जोडलेले असतात तेथे बांधावा, दांड्याच्या कडेने वर आणावा आणि वरच्या कडीला सुतळीचे दोन वेढे देऊन अडकवावा. एरवी ओढ वरच्या कडीतून लागते आणि नांगर रुतून राहतो. अडकल्यावर पुढच्या टोकावरून झटका दिला की सुतळी तुटते, ओढ बुडाकडून लागते आणि नांगर उलटा होऊन बाहेर येतो. सुतळी किती वेढ्यांची हे घरीच झाडाला बांधून आजमावावे. जोराचा वारा असेल तर मात्र ही सुतळी भलत्या वेळी तुटू शकते. अशा दिवशी मुळात पाण्यात जाऊ नये हे बरे.

काही जण दगड वापरतात. दगड अडकत नाही हे खरे, पण तो पाण्यात सुमारे चाळीस टक्के वजन गमावतो, तर लोखंड तेरा टक्केच गमावते. दहा किलोचा दगड तळाशी सहा किलोचा उरतो आणि वर घेताना कठड्यापाशी पुन्हा दहा किलोचा होतो.

वैनगंगाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल गावातील वेल्डरकडून आठ मिलिमीटरचा नांगर करून घेतला. सुतळीची परीक्षा अंगणातील कडुनिंबावर घेतली; एक वेढा हाताच्या झटक्याने तुटला, दोन वेढ्यांना मुलाची मदत लागली, म्हणून बाजारच्या नांगरासाठी दोनच ठेवले आहेत. सहाही सापळ्यांच्या दारांवरील नायलॉन काढून सुती दोरा ओवला. कप्पीसाठी लोखंडी हात कठड्यावर बसवायचा आहे, पण फायबरला भोके पाडल्यास तडा जाईल अशी भीती वाटते. खाली लाकडी फळी देऊन बोल्ट कसावेत, की आडव्या बाकाला पकड लावावी, एवढे कोणी सांगितले तर उपकार होतील.

ब्रह्मपुरीचा वेल्डर

गुरुजी, बाकालाच पकड लावा. भार दोन्ही कठड्यांवर वाटला जाईल आणि उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर काढूनही ठेवता येईल. भोक पाडायचेच झाले तर आतून सागाची फळी आणि बाहेरून रुंद वॉशर दिल्याशिवाय बोल्ट कसू नये.